समेच्या अलीकडचा क्षण

ख्यालाच्या मैफलीत गायक तानेच्या वळणावळणाने समेकडे उतरू लागला म्हणजे, सम प्रत्यक्ष येण्यापूर्वीच, आपली मान हलण्याच्या बेतात असते आणि अंगावर किंचित रोमांच उभे राहतात, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना असेल. अशा अनुभवाची मेंदूच्या दप्तरी काय नोंद होते, याचा मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी केलेला तपास २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्या वाद्यसंगीताने हमखास रोमांच येतात ते ज्याचे त्याने स्वतःच निवडावे, अशी तजवीज त्यांनी केली होती. आवडीनिवडीच्या प्रांतात दुसऱ्याचा हुकूम चालत नाही, हे शास्त्रज्ञांनीही ओळखले म्हणायचे! ऐकताना मेंदूच्या अंतर्भागात डोपामिन हे द्रव्य स्रवते, असे त्यांना आढळले. रुचकर अन्नाच्या सुखातही याच द्रव्याचा हात असतो. विशेष हा की, उत्कट क्षणाच्या प्रतीक्षेत ‘कॉडेट’ हा भाग अधिक जागा होतो, आणि तो क्षण प्रत्यक्ष अवतरला म्हणजे ‘न्यूक्लिअस अकम्बन्स’ हा निराळाच भाग. तिहाईचे तीन पल्ले टाकीत श्रोत्यांना समेवर आणणाऱ्या तबलजीला ही नावे बहुधा ठाऊक नसतील. प्रतीक्षा किती ताणावी, याचा अंदाज मात्र त्याच्या बोटांत मुरलेला असतो.