पडणे आणि पाडणे

(सुवर्णमहोत्सवी वर्षात महाराष्ट्र सदन, कस्तुरबा गांधी मार्ग, नवी दिल्ली येथे ‘ब्रह्मचारी’ चित्रपटाच्या खेळानंतर केलेले भाषण)



ज्या रस्त्याला आमच्यातील वडीलधारी मंडळी अजूनही कर्झन रोडच म्हणतात, तेथे बसून आपण आत्ताच कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा १९३८ सालचा बोलपट पाहिला. दिग्दर्शन मास्टर विनायकांचे, लेखणी आचार्य अत्र्यांची. अंधारात आमचे लक्ष पडद्याइतकेच प्रेक्षकांकडेही होते. औदुंबराने व्यायामाची साधने आणली तेव्हा बालगोपाळ खदखदले. देशभक्त जटाशंकरांच्या व्याख्यानाला मात्र पुढच्या दोन रांगांतील पिकली डोकीच हसली. एका सभागृहात दोन चित्रपट चालले होते म्हणाना!

धडपडीच्या विनोदाला भाषा लागत नाही. १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये चॅप्लिन जेवण भरविणाऱ्या यंत्राच्या तावडीत सापडतो, तेव्हा दिल्लीकर हसतो नि दापोलीकरही. परंतु कामगारांची जेवणाची सुटी वाचविण्यासाठी ते यंत्र मालकापुढे आणले आहे, हे ध्यानी आले की हसू घशात अडकते. माणूस पडला ही गंमत. त्याला पाडले कोणी, हे दिसू लागले की उपहास सुरू होतो.

अत्र्यांनी हे मराठी मातीत केले. औदुंबर नट्यांची चित्रे फेकून देतो, आचार्य चंडीरामांच्या संस्थेत दाखल होतो, आणि किशोरी समोर येताच त्याच्या प्रतिज्ञेचाच पाय घसरतो. ब्रह्मचर्य, तालीम आणि देशसेवा यांची एका दमात शपथ घेणारे तरुण त्या प्रेक्षकांनी जवळून पाहिले होते; कित्येकांनी ती स्वतःच घेतली असेल. पुढच्याच वर्षी, म्हणजे मुंबईत दारूबंदी आली त्या १९३९ साली, ‘ब्रँडीची बाटली’ आला. ब्रँडी म्हणजे काय हेच ठाऊक नसलेला दामूअण्णा मालवणकरांचा भाबडा कारकून तिच्या शोधात वणवण हिंडतो.

दिल्लीत वाढलेल्या आमच्या मुलांना पडणे कळते. कोलमडले काय, हे सांगावे लागते. दोष त्यांचा नव्हे. घरात आपण त्यांच्याशी किती मराठी बोलतो, हा हिशेब आम्हीही टाळीतच आलो.

मध्यंतरात एका मुलीने विचारले, “आजोबा, तुम्ही तिथे का हसलात?” आजोबा सांगू लागले, दिवे मालवले तरी त्यांचे सांगणे संपेना, तेव्हा मागच्या रांगेने त्यांना गप्प केले. उत्तरार्धात एका संवादाला ती आजोबांच्या आधी हसली. संवाद कोणता, ते आम्हांस ऐकू आले नाही. आम्ही तिच्याकडेच पाहत होतो.