कर्करोग आणि किरणोपचार
(भाषणाचा मजकूर)



कर्करोगावरील किरणोपचारास खेड्यापाड्यांत ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. या नावांमुळे रुग्णाच्या मनात अकारण भीती निर्माण होते. वस्तुतः यात उष्णतेचा शेक नसतो आणि विजेचा धक्काही नसतो.

१८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने रेडियम शोधून काढले. १९५१ साली कॅनडात कोबाल्टच्या यंत्राने उपचार सुरू झाले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र देशातच तयार केले. कोबाल्टची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून त्याचा साठा ठराविक काळाने बदलावा लागतो. विजेवर चालणाऱ्या प्रवेगक यंत्रांना मात्र अशा साठ्याची गरज नसते.

हे किरण पेशींच्या केंद्रातील जननद्रव्यावर आघात करतात. निरोगी पेशी ही इजा बऱ्याच अंशी भरून काढतात; कर्कपेशींना ते तितकेसे साधत नाही. म्हणूनच संपूर्ण मात्रा एकदम न देता ती रोज थोडीथोडी, बहुधा आठवड्यातून पाच दिवस देण्यात येते. प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच दिले जातात व त्या वेळी वेदना होत नाहीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात साधारणतः पाच आठवडे बाहेरून किरण देऊन नंतर किरणोत्सर्गी द्रव्य आतून रोगाच्या जागी ठेवले जाते. तोंड व घशाच्या कर्करोगात हा काळ सहा ते सात आठवड्यांचा असतो. बाहेरून किरण घेतलेल्या रुग्णाच्या अंगात किरण राहत नाहीत. तो मुलाबाळांत निःशंकपणे वावरू शकतो.

हुबळी-धारवाड या जोडशहरांच्या मधोमध, नवनगर येथे, कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. मोठ्या शहरातील अशा उपचारासाठी दूरच्या गावाहून येणाऱ्या रुग्णापुढे खरी अडचण असते ती दीड-दोन महिने परगावी राहण्याची. पेरणी तोंडावर येते, जवळचा पैसा सरतो, किंवा गाठ ओसरली म्हणून रुग्ण मध्येच गावी परततो. ही चूक जिवावर बेतू शकते. गाठ दिसेनाशी झाली तरी कर्कपेशी उरलेल्या असतात व खंड पडताच त्या पुन्हा वाढू लागतात. तोंड व घशाच्या कर्करोगात उपचार एक दिवस लांबला तरी रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे आढळून आले आहे.

उपचारकाळात थकवा येतो, त्वचा काळवंडते, तोंड येते. किरणांच्या जागी तेल, हळद वा मलम डॉक्टरांना विचारल्याविना लावू नये. सैल सुती कपडे वापरावेत, मऊ व सकस अन्न घ्यावे. तंबाखू पूर्णपणे सोडावी. तोंडाच्या रुग्णाने आधी दात तपासून घ्यावेत.

उपचारासाठी प्रवास करणाऱ्या रुग्णास रेल्वेच्या शयनयान वर्गात भाडे पूर्ण माफ असते व सोबत्यासही सवलत मिळते. पात्र कुटुंबांना कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आणि महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ घेता येतो. त्यांची कागदपत्रे वेळेवर तयार करून देणे हे गावातील शिक्षक व कर्मचाऱ्यांना सहज करता येण्याजोगे काम आहे. शेजाऱ्यांनी रुग्णाच्या शेताची दोन महिने काळजी घेतली, तर त्याचा उपचार पुरा होईल. पुरा झालेला उपचारच गुण देतो, हे सर्वांनी ध्यानी ठेवावे.