लिहिणाऱ्या मुलांचा पहिला वाचक



लेखन शिकवितां येतें काय, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचें उत्तर देऊन मोकळें होण्याची घाईहि तितकीच जुनी आहे. 'कवि जन्मावा लागतो' असें एकदां म्हटलें कीं सर्वांचीच सुटका होते. शिकविणाऱ्याची होते, आणि शिकण्याचा कंटाळा असणाऱ्याचीहि होते. त्या वादांत मला आज शिरावयाचें नाहीं. गेलीं सहा वर्षें भाईंदरला माझ्या घरीं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं आठ-दहा तरुण मुलें-मुली आपापलें लेखन घेऊन जमतात. त्या बैठकींत माझ्या हातून एक चूक घडली. ती आपणांस सांगावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

ज्यांनीं मीरा-भाईंदर लोकलच्या खिडकींतूनच पाहिलें असेल त्यांस तें नुसतें इमारतींचें रान वाटेल. १९८५ सालीं येथें नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत वस्ती आठ लाखांवर गेलेली होती. परंतु स्टेशनच्या पश्चिमेकडून उत्तनची बस धरली कीं मुर्धा, राई, मोरवा हीं जुनीं गांवें लागतात, मिठागरें दिसतात, पुढें डोंगरी येते आणि शेवटीं समुद्र येतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकीं कोणी घरीं गुजराती बोलतो, कोणी मारवाडी, कोणी मालवणी, कोणी हिंदी. कित्येकांना मराठी शाळेंत नव्हे, मित्रांत मिळाली. आठवडाभर गर्दीच्या गाडीला लोंबकळून जाणारीं हीं मुलें रविवारची दुपार कागदापाशीं घालवितात, ह्याचें मला अजून नवल वाटतें.

गेल्या वर्षीं उत्तनच्या कोळीवाड्यांतून एक मुलगी येऊं लागली. महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाला होती. बोलणें बेताचें. तिसऱ्या खेपेस तिनें एक गोष्ट आणली. गोष्ट साधी होती: भांगाचे दिवस आहेत, म्हणून बापूस घरीं बसून आहे, बोट नांगरलेली आहे, घरांत म्हावरं नाहीं, आणि मुलीची फी भरण्याची दुसऱ्या दिवशीं अखेरची तारीख आहे. बाप आणि मुलगी एकमेकांशीं त्याविषयीं एक अक्षर बोलत नाहींत. बस्स, एवढेंच.

मीं ती तांबडी पेन्सिल हातांत घेऊन वाचली. पूर्वाश्रमींचा शिक्षक मी. पेन्सिल सुटत नाहीं. 'बापूस'चे मीं 'वडील' केले. 'म्हावरं' होतें तेथें 'मासे' लिहिलें. आणि 'भांग' शब्दापाशीं थबकून समासांत शेरा मारला कीं, वडिलांच्या व्यसनाचा उल्लेख एकाएकीं येतो, तो पुढें कोठेंच उपयोगांत आणलेला नाहीं, सबब गाळावा. तिनें कागद घेतले, "बरं, सर," म्हणाली, आणि पुढल्या महिन्यांत आली नाहीं. त्याच्या पुढल्याहि महिन्यांत आली नाहीं.

मग एका रविवारीं सर्व मंडळी उठल्यावर डोंगरीचा एक मुलगा मागें रेंगाळला. चपला घालतां घालतां म्हणाला, "सर, ती भांग पिण्याची नव्हे."

तेव्हां मला उलगडा झाला. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा जोर मंदावतो, त्या दिवसांना भांग म्हणतात. उत्तनकडे डोल नांवाचें जाळें पुष्कळ वापरतात. तें समुद्रांत बांधून ठेवावयाचें असतें. पाण्याच्या ओढीनें मासळी आपण होऊन त्यांत शिरते. भांगांत ती ओढच नसते, जाळें रिकामें येतें, म्हणून बोटी जात नाहींत. म्हणजे मीं जो शब्द खोडला होता, त्याच खिळ्यावर सारी गोष्ट टांगलेली होती! एका निर्व्यसनी, लाचार झालेल्या बापाला मीं पेन्सिलीच्या एका रेघेनें नशेबाज ठरविलें होतें. आणि लाजेची गोष्ट ही कीं, शाळेच्या भूगोलांत 'भांगाची भरती' हे शब्द मीं स्वतः घोकलेले होते.

त्या रात्रीं मला 'सत्यकथे'ची आठवण झाली. नव्या लेखकाला घडविण्याचें काम मराठींत जर कोणी निष्ठेनें केलें असेल तर तें त्या मासिकाच्या संपादकांनीं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्याकडून कथा परत येई ती छापील चिठ्ठीसह नव्हे. कोठें ती सैल पडली, कोणतें पात्र उगाच बोलतें, शेवट कां उरकल्यासारखा वाटतो, हें सांगणारें पत्र सोबत असे. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. पत्रांतून चाललेली ती शाळाच होती. १९८२ सालीं 'सत्यकथा' बंद पडली, तेव्हां मासिक तर गेलेंच. पण आपलें दुसऱ्यांदा लिहिलेलें कोणीतरी वाचील हा नवोदितांचा भरंवसाहि बराचसा गेला.

परंतु ह्याच 'सत्यकथे'च्या अंकाची १९६९ सालीं कांहीं तरुण लेखकांनीं होळी केली होती, हेंहि विसरून चालणार नाहीं. तेव्हां मला तो निव्वळ उद्धटपणा वाटला होता. आज तसें वाटत नाहीं. ज्याच्या घरची भाषा निराळी, ज्याचें जगणें निराळें, त्याला ती साक्षेपी पेन्सिल आपल्या तोंडावर ठेवलेल्या हातासारखी वाटली असेल, तर ती तक्रार मुळींच पोकळ नव्हती. जी पेन्सिल एकाला वळण लावते तीच दुसऱ्याचा गळा दाबते, आणि पेन्सिल धरणाऱ्याला दोहोंतला फरक बहुधा कळत नाहीं. माझ्या बाबतींत तो डोंगरीच्या मुलानें सांगावा लागला.

ह्याहून निराळी रीतहि आपल्याकडे होऊन गेली आहे. १९७२ सालीं नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' निघाला. ढसाळ तेव्हां तेवीस वर्षांचे; प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकर नामांकित नाटककार. तेंडुलकरांनीं काय करावें? अडलेल्या शब्दांचे अर्थ ढसाळांनाच विचारले, त्यांच्याबरोबर ती वस्ती हिंडून पाहिली, आणि आपल्याला काय कळलें नाहीं हें प्रस्तावनेंत मोकळेपणानें मांडलें. ज्येष्ठानें कनिष्ठापाशीं शब्दार्थ विचारीत बसावें, हें दृश्य मला फार मोलाचें वाटतें. बहिणाबाई चौधरींचीं गाणीं त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं पुस्तकरूपानें आलीं, तींहि खानदेशच्या बोलींतच आलीं. कोणी शुद्धलेखनाच्या उत्साहानें त्यांना पुणेरी लुगडें नेसविलें असतें तर काय उरलें असतें, ह्याची कल्पनाच करवत नाहीं.

आज नव्या लेखकांसाठीं सोयी नाहींत असें कोणी म्हणूं नये. राज्याचें साहित्य आणि संस्कृति मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं राष्ट्रीय पुस्तक न्यासामार्फत तीस वर्षांखालील लेखकांसाठीं एक योजना काढली. पहिल्या खेपेस ७५ जण निवडले, त्यांना मार्गदर्शक नेमून दिले, आणि सहा महिने दरमहा पन्नास हजार रुपये देऊं केले. अमेरिकेंत आयोवा विद्यापीठानें तर १९३६ सालींच लेखनाची कार्यशाळा सुरू केली. हा 'कार्यशाळा' शब्द मला आवडतो. त्याला कारखान्याचा वास आहे. तेथें भाषणें होऊं नयेत, काम व्हावें. आपल्याकडे मात्र पुष्कळदां उलटें होतें. सभागृह भाड्यानें घ्यावयाचें, दोनशें मुलें बसवावयाचीं, एका प्रसिद्ध लेखकानें आपण कसे घडलों तें सांगावयाचें, आणि सायंकाळीं सर्वांना प्रमाणपत्रें वांटावयाचीं. मुलांनीं आणलेलें लेखन पिशवींतच राहतें. अशा समारंभांत मीहि व्यासपीठावर बसलेलों आहें, तेव्हां हा दोष दुसऱ्याच्या माथीं मारण्याचा मला अधिकार नाहीं.

मला पालक अनेकदां विचारतात, मुलीला कोणत्या शिबिराला घालूं? मी उलट विचारतों, तेथें तिचें लिहिलेलें आधीं कोणी वाचणार आहे काय? आणि तिनें तें सुधारून आणलें तर पुन्हा वाचणार आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असेल तर ते पैसे पुस्तकांवर खर्च करावे. पुण्याच्या रविकिरण मंडळाला १९२३ सालीं कोणाचें अनुदान नव्हतें. कांहीं कवि रविवारीं जमत, चहा पीत, एकमेकांच्या कविता ऐकत आणि त्यांवर बोलत. भाईंदरला चहा मिळतो, रविवारहि येतो. कमी पडतो तो वाचणारा. आपल्या घरांतहि तो कमी पडतो. मुलानें कविता दाखविली कीं आपण 'वा, छान' म्हणतों किंवा 'अभ्यास झाला का' म्हणतों, आणि दोन्ही वेळां कविता न वाचतांच म्हणतों.

त्या मुलीला मीं पोस्टकार्ड लिहिलें. भांगाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, चूक माझी होती, गोष्ट पुन्हा वाचावयास मिळेल काय, एवढाच मजकूर. उत्तर आलें नाहीं. महिन्याभरानें ती स्वतः आली आणि नवा खर्डा माझ्यापुढें ठेवला. पेन्सिल मीं त्या दिवसापुरती खणांत ठेवली होती. 'बापूस' परत आलेला होता. 'म्हावरं' सगळीकडे परत आलें होतें. एके ठिकाणीं मात्र तिनें माझे 'मासे' राहूं दिले होते, तें महाविद्यालयांतल्या बाई बोलतात तेथें. मीं विचारलें, "भांगाला खालीं टीप द्यावी काय?" ती म्हणाली, "नको, सर. पुढच्या परिच्छेदांत कळतंच." पाहतों तों खरेंच कळत होतें. तिनें एक नवें वाक्य घातलें होतें. बाप ओट्यावर बसून जाळ्याचा कोरडा कोपरा हातांत धरून पाण्याकडे पाहतो, आणि पाणी हलत नाहीं.

गोष्ट अजून छापून आलेली नाहीं. गेल्या महिन्यांत तिनें चौथा खर्डा आणला. त्याचा शेवट मला अजून पटलेला नाहीं, आणि माझें न पटणें तिला पटलेलें नाहीं. येत्या दुसऱ्या रविवारीं त्यावर बोलणें व्हावयाचें आहे.