एकाच नदीतून गेलेले : हेग आणि न्यूयॉर्क
(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणेशोत्सवातले व्याख्यान म्हटले की वक्ता प्राध्यापक असावा, निदान नावापुढे एखादी मोठी पदवी तरी असावी, अशी आपली समजूत असते. मी डिप्लोमावाला रेल्वे इंजिनिअर. रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यापलीकडे माझा अधिकार नाही. पण सचिवांनी गळ घातली आणि विषय माझ्यावर सोडला, म्हणून गेली दोन-तीन वर्षे डोक्यात घोळत असलेली गोष्ट आज मांडतो.

बजबजला राहणाऱ्या आपल्या सर्वांना दोन आगमने ठाऊक आहेत. १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद परदेशातून परतले, बजबजला बोटीतून उतरले आणि इथूनच गाडीने सियालदहला गेले. दुसरे कोमागाता मारूचे. २९ सप्टेंबर १९१४ रोजी कॅनडाने परत पाठवलेले पंजाबी उतारू इथे उतरवले गेले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. आपल्या स्टेशनच्या नावातच आता ते जहाज आहे. ही नदीतून वर आलेली माणसे. आज मी सांगणार आहे ते याच नदीतून खाली गेलेल्यांबद्दल. गार्डन रीच आणि खिदिरपूरच्या डेपोंत जमा केलेले हजारो मजूर जहाजात बसून आपल्या बजबजवरूनच समुद्राकडे गेले. त्यांच्यासाठी इथे कोणी थांबले नाही, म्हणून आपल्याकडे त्यांची आठवणही नाही.

१८३३ च्या कायद्याने इंग्रजांनी आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद केली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. १८३८ च्या जानेवारीत ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजे कलकत्त्याहून ब्रिटिश गयानाला निघाली आणि ५ मेला तिथे पोचली. पाच वर्षांचा करार, ज्याला आपली माणसे ‘गिरमिट’ म्हणू लागली. डचांनी गुलामगिरी १८६३ मध्ये बंद केली, आणखी दहा वर्षे जुन्या गुलामांना मळ्यांवर बांधून ठेवले आणि मग इंग्रजांशी तह करून त्यांनीही कलकत्त्याकडेच हात पसरला. ‘लल्ला रूख’ हे जहाज २६ फेब्रुवारी १८७३ ला इथून निघाले आणि जूनच्या सुरुवातीला सुरिनामला लागले. ब्रिटिश गयानाला एकूण सुमारे २,३९,००० माणसे गेली, सुरिनामला सुमारे ३४,०००. साधारण तिसरा हिस्सा परत आला, बाकीचे तिथलेच झाले.

आपली मराठी माणसे या वाटेने फारशी गेली नाहीत. कोकणातली माणसे मुंबईहून मॉरिशसला गेली, म्हणून तिथे आजही गणेश चतुर्थीला सुट्टी असते. पण गिरमिट बंद करण्यात मराठी माणसाचा हात मोठा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ ला कायदेमंडळात ही पद्धत समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी मतांनी तो पाडला. १९१५ मध्ये गोखले गेले, १९१६ मध्ये मालवीयजींनी तोच विषय पुन्हा मांडला आणि १९१७ मध्ये भरती थांबली. शाळेत आपण गोखल्यांचे नाव मवाळ म्हणून पाठ करतो, हे काम मात्र कोणी सांगत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सुरिनाम आणि गयाना हे अगदी शेजारी, मध्ये एक नदी. दोन्हीकडे गेलेली माणसे बहुतेक भोजपुरी आणि अवधी पट्ट्यातली. म्हणजे आमच्या खात्यातले कितीतरी ट्रॅकमन ज्या छपरा, आरा, बलियाचे, तिथलीच. पुढे दोघांच्याही नातवंडा-पणतवंडांनी दुसऱ्यांदा देश सोडला. सुरिनामचे गेले हॉलंडला, त्यातही हेग शहरात. गयानाचे गेले न्यूयॉर्कला, क्वीन्स भागातल्या रिचमंड हिलमध्ये. बी एकच, शेते दोन. मला कुतूहल असे की पीक सारखे आले का?

हेगचे मला कळले ते भाच्यामुळे. तो तिथे नोकरीला गेला आणि एका हिंदुस्थानी बाईंच्या घरात भाड्याने राहिला. (सुरिनामचे भारतीय वंशाचे लोक स्वतःला ‘हिंदुस्थानी’ म्हणवतात.) एकदा फोनवर तो म्हणाला, “मामा, या मावशी डच बोलतात तेव्हा मला काही कळत नाही, पण चिडल्या की तुमच्या गँगमधल्या माणसांसारखं बोलतात.” मी साइटवर होतो. शेजारी छपऱ्याचा कीमन उभा होता. फोन स्पीकरवर टाकला. दोघे दहा मिनिटे बोलत होते, पाऊस, भात, गुडघेदुखी. फोन ठेवल्यावर कीमनने मला विचारले, “साहेब, ह्या बाई कोणत्या गावच्या?” दीडशे वर्षे आणि दोन समुद्र मध्ये होते, हे त्याला पटवायला मला वेळ लागला.

ही भाषा म्हणजे सरनामी. ती सुरिनाममध्ये टिकली आणि गयानात विरून गेली, याचे कारण मला तरी जमिनीत दिसते. सुरिनाममध्ये करार संपल्यावर राहणाऱ्याला जमिनीचा तुकडा मिळे, आणि पुढे वर शंभर गिल्डरही. निकेरी, सारामाका या भागांत भाताची शेती करणारी आपल्याच लोकांची वस्ती उभी राहिली. डच भाषा साहेबापुरती राहिली. गयानातही भातशेती झाली, पण बहुसंख्य माणसे पिढ्यानपिढ्या साखरेच्या मळ्यांतल्या चाळींत राहिली. मळे मुख्यतः बुकर कंपनीचे, जिच्या नावाने १९६९ पासून साहित्याचा बुकर पुरस्कार सुरू झाला. तिथे आफ्रिकी मजुराशी, मुकादमाशी, मिशनच्या शाळेत मास्तरांशी बोलायचे ते इंग्रजीच, मोडके का होईना. भोजपुरी लग्नाच्या विधीत आणि स्वयंपाकघरात उरली.

भाषा गेली हे वाईटच. पण न्यूयॉर्कच्या बाजारात गयानाच्या माणसाला त्याच इंग्रजीने पहिल्या आठवड्यात काम मिळवून दिले, हेही खरे.

दुसरे स्थलांतर कसे झाले ते पाहू. सुरिनामचे लोक १९५४ च्या सनदेप्रमाणे हॉलंडचेच नागरिक होते. २५ नोव्हेंबर १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र व्हायचे ठरले तेव्हा हिंदुस्थानी घाबरले. त्यांचे नेते जगरनाथ लछमन घाई नको म्हणत होते. शेजारच्या गयानात १९६० च्या दशकात भारतीय आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत झालेल्या दंगली सर्वांनी पाहिल्या होत्या. एकट्या १९७५ मध्ये सुमारे ४०,००० माणसे विमानाने हॉलंडला उतरली. पासपोर्ट खिशात. सरकारने त्यांना आधी बोर्डिंग हाऊसमध्ये ठेवले, मग सरकारी मदतीची भाड्याची घरे दिली. काम मात्र दिले नाही. १९८० च्या दशकात सुरिनामी लोकांत बेकारी फार होती. खायला कमी पडले नाही, पण शेतकरी आणि दुकानदार माणूस भत्त्यावर बसला.

गयानाची तऱ्हा उलटी. १९६५ चा अमेरिकेचा नवा कायदा आणि १९६६ चे गयानाचे स्वातंत्र्य पाठोपाठ आले. बर्नहॅमच्या राजवटीत परकीय चलन संपले, निवडणुकांवरचा विश्वास उडाला, आणि १९८२ मध्ये गव्हाच्या पिठाची आयातच बंद झाली. रोटी-पुरी म्हणजे चोरटा माल! पूजेच्या प्रसादालाही पीठ मिळेना. लोक निघाले. कोणी भावाने स्पॉन्सर केले म्हणून दहा-दहा वर्षे रांगेत राहून, कोणी ‘बॅकट्रॅक’ म्हणजे चोरवाटेने. तिथे उतरल्यावर सरकारी घर नाही, भत्ता नाही. बांधकामावर, दुकानांत, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करण्याच्या कामावर ते लागले. आणि या लोकांनी घरे घेतली. इटालियन, आयरिश, जर्मन कुटुंबे सोडून चालली होती ती लाकडी घरे कर्ज काढून घेतली, तळघर भाड्याने दिले आणि त्या भाड्यावर हप्ते भरले. आज लिबर्टी अव्हेन्यूवर रोटीची, साड्यांची आणि सोन्याची दुकाने आहेत, आणि २०२१ मध्ये तिथल्या एका चौकाला ‘लिटल गयाना’ हे नाव मिळाले. पण २००८ च्या मंदीत या भागात घरांच्या जप्त्याही भरपूर झाल्या, आणि परवान्याशिवाय भाड्याने दिलेले तळघर म्हणजे पावसाळ्यात जिवाशी खेळ.

म्हणजे एकीकडे नागरिकत्व आणि छप्पर आधी, काम नंतर. दुसरीकडे काम आधी, कागद नंतर. यातले कोण सुखी, असे मला भाच्याने विचारले. मी म्हटले, रूळ एका गेजचा असला तरी गाडीचा वेग खालच्या मातीवर ठरतो.

आकड्यांनी सिद्ध करायला गेलो तर पंचाईत होते. हॉलंडचे आकडेवारी खाते जन्मदेश मोजते, माणसाचा आणि आईबापांचा. त्यात सुरिनामचा हिंदुस्थानी आणि आफ्रिकी वंशाचा क्रिओल एकाच रकान्यात, आणि तिसरी पिढी तर हिशेबातून बाहेर. हिंदुस्थानी दीड लाखाच्या वर असावेत हा अंदाजच. न्यूयॉर्कमध्ये गयानात जन्मलेले सुमारे १,४०,०००, त्यातही दोन्ही वंश एकत्र. जनगणनेच्या फॉर्मवर ‘आशियाई भारतीय’ लिहावे की ‘इतर’, यावर एकाच घरात दोन मते असतात. एवढे नक्की की हॉलंडमध्ये सुरिनामी वंशाची दुसरी पिढी शिक्षणात आणि कमाईत पहिलीच्या बरीच पुढे आहे आणि मूळ डचांच्या अजून थोडी मागे.

सामाजिक बाजूला फरक जास्त डोळ्यांत भरतो. हॉलंडच्या घटनेत १९१७ पासून अशी तरतूद आहे की कोणत्याही धर्माच्या शाळेला सरकारने सारखाच पैसा द्यावा. तिचा फायदा घेऊन हेगमध्ये १९८८ पासून हिंदू प्राथमिक शाळा सरकारी खर्चाने चालते. १९९३ पासून कित्येक वर्षे हिंदूंसाठी सरकारी पैशाचे प्रसारण होते. सरनामीत लिहिणारे रबिन बलदेवसिंग २००६ ते २०१८ हेगच्या नगर-कारभारात होते. न्यूयॉर्कच्या लोकांनी मंदिरे बांधली ती स्वतःच्या डॉलरांनी, कधी घराच्या तळघरात. त्यांची वस्ती अनेक मतदारसंघांत वाटली गेल्याने स्वतःचा प्रतिनिधी निवडून आणणे वर्षानुवर्षे जमले नाही. दिवाळीची शाळेला सुट्टी पहिल्यांदा २०२४ मध्ये मिळाली.

विसर्जनाच्या तोंडावर एक गोष्ट सांगायलाच हवी. क्वीन्सच्या दक्षिणेला जमैका बे नावाची खाडी आहे. गयानाचे हिंदू तिला गंगा मानतात आणि फुले, नारळ, वस्त्रे तिथे वाहतात. ती जागा राष्ट्रीय उद्यानात येते. रखवालदार म्हणतात, पूजा करा, पण सामान परत न्या. देवाला दिलेले परत कसे न्यायचे? या प्रश्नावर तिथे वाद झाले, मग त्यांच्यातल्याच तरुण मुलांनी किनारा साफ करण्याचे काम अंगावर घेतले. आपल्या घाटावर दुसऱ्या दिवशी काय दिसते ते मी सांगायला नको.

पण देणारे सरकार घेऊही शकते. हॉलंडमध्ये मुलांच्या पाळणाघरासाठी मिळणाऱ्या भत्त्यात फसवणूक केल्याचा खोटा ठपका हजारो पालकांवर ठेवला गेला. त्यात परदेशी मुळाची घरे प्रमाणाबाहेर होती, सुरिनामीही होती. माणसे कर्जात बुडाली, संसार मोडले, आणि जानेवारी २०२१ मध्ये सगळे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेले.

आणि एक दुःख दोघांचे सारखे आहे. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आत्महत्यांचा अहवाल काढला त्यात गयानाचे प्रमाण जगात सर्वांत वर होते. सुरिनामच्या निकेरीचेही नाव त्यासाठी घेतले जाते. दोन्हीकडे भातशेती आणि दोन्हीकडे हाताशी कीटकनाशक. हेगमध्ये शेती नाही, तरी तिथल्या तरुण हिंदुस्थानी मुलींत आत्महत्येचे प्रयत्न डच मुलींपेक्षा बरेच जास्त आढळले. घराची अब्रू, लग्नाचा दबाव, बाहेर मोकळे जग आणि आत ‘लोक काय म्हणतील’. पासपोर्टाने आणि शाळेने हे सुटले नाही. आपल्या कॉलनीतही मुली मोठ्या होत आहेत, म्हणून हे सणाच्या दिवशी बोलतो आहे. क्षमा असावी.

आता आपले. आपण इथे आलो ते बदलीच्या ऑर्डरवर, आपल्याच देशात. आपली त्या लोकांशी बरोबरी नाही. पण रविवारच्या मराठी वर्गाचा प्रश्न या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत आहे. मुले अकरावरून चारवर आली, वर्ग बंद करून तो पैसा सजावटीला द्यावा अशी सूचना आहे. सूचना करणाऱ्यांचे म्हणणे मी ऐकले आहे. मराठीने इथे नोकरी मिळत नाही, बंगाली आणि इंग्रजी हवी. त्यांचे खरे आहे. गयानाच्या माणसाचे पोट इंग्रजीने भरले. पण तिथली भोजपुरी कोणी ठराव करून बंद केली नव्हती. तिला बसायला जागा उरली नाही, एवढेच झाले. आपल्याकडे जागा आहे, हाच हॉल, रविवारी दहा ते साडेअकरा. माझे मत वर्ग चालू ठेवावा असे आहे. शिकवणाऱ्या वहिनी मानधन घेत नाहीत, खर्च खडू आणि वह्यांचा. माझ्या दोन्ही मुलांची नावे मी पुढच्या वर्षासाठी दिली आहेत. मोठा कुरकुरतो, कारण त्याची फुटबॉलची वेळ तीच आहे. वेळ नऊची करता येईल का, ते सभेत पाहू.

आरतीची वेळ झाली आहे.