मोटारींतील तबकड्यांचा उजेड

रात्रीं मोटार हांकणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असले, तरी ते वरचेवर पुढील फळीवरील तबकड्यांकडे वळत असतात. वेग किती आहे, पेट्रोल किती उरलें आहे, इंजिन तापलें तर नाहीं ना, हें सारें त्या तबकड्या सांगतात. आणि त्यांच्यामागील चिमुकल्या दिव्यांमुळेंच तें अंधारांत वाचतां येतें. या उजेडाचा रंग पूर्वीं कारखानदार ठरवी आणि मालक तो मुकाट्यानें पत्करी. एलईडी दिवे स्वस्त झाल्यापासून पुष्कळ हौशी मालक तो स्वतःच बदलूं लागले आहेत. या हौसेंत वावगें कांहीं नाहीं. परंतु तबकडीचा रंग ही केवळ शोभेची बाब नव्हे, हें काम हातीं घेण्यापूर्वींच ओळखलेलें बरें.

जुन्या पद्धतीच्या मोटारींत तबकडीमागें तारेचे छोटे गोळे असतात. त्यांच्या पिवळसर उजेडांत बहुतेक सर्व रंग मिसळलेले असतात. गोळ्यावर हिरव्या किंवा निळ्या रबराची टोपी चढविली, अगर तबकडीच्या पाठीस रंगीत थर दिला, कीं नको ते रंग तेथेंच अडतात. एलईडीची रीत निराळी. त्यांत तापणारी तार नसते. अर्धवाहक स्फटिकांतून वीज वाहतांना तो स्फटिक स्वतःच एका ठराविक रंगानें उजळतो. तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं करून दाखविला. तेजस्वी निळ्यासाठीं मात्र १९९३ सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्यामागील संशोधनाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांस २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

यावरून पहिली फसगत ध्यानांत येईल. हिरव्या थरामागें तांबडा एलईडी बसविला, तर तबकडी तांबडी होत नाहीं. ती जवळजवळ काळीच राहते, कारण हिरवा थर तांबडा उजेड गिळून टाकतो. म्हणून आधीं टोपी काढावी लागते किंवा थर खरवडावा लागतो. थर तसाच ठेवून मागें पांढरा एलईडी घालणें सोपें. परंतु तोहि बहुधा मूळचा निळाच असतो आणि पिवळ्या लेपामुळें पांढरा भासतो. त्यामुळें जुनी छटा हुबेहूब उतरत नाहीं.

आतां रंग कोणता घ्यावा? तरुण मंडळींची आवड बहुधा निळ्याकडे धांवते. निळा दिसतो थंड आणि डौलदार. पण अंधारांत पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांतील पेशी निळसर-हिरव्या उजेडानें लवकर दिपतात, आणि एकदां दिपलेला डोळा अंधाराला पूर्णपणें पुन्हा सरावण्यास सुमारें अर्धा तास लागतो. शिवाय दृष्टिपटलाच्या अगदीं मध्यभागीं निळा ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. म्हणून निव्वळ निळ्या रंगांतील बारीक आंकडे पुसट वाटतात. तांबड्या उजेडाचा या पेशींवर फारसा परिणाम होत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत रात्रीं उड्डाण करणारे वैमानिक याच कारणानें आधीं तांबड्या कांचांचे चष्मे लावून बसत. तथापि तांबडाहि निर्दोष नाहीं: जवळचें वाचण्यास चाळशी लागणाऱ्यांना तांबडे आंकडे वाचतांना डोळ्यांना अधिक ताण द्यावा लागतो.

कारखानदारांचेंहि यावर एकमत झालेलें नाहीं. बीएमडब्ल्यूनें दीर्घकाळ नारिंगी उजेड वापरला. फोक्सवॅगननें १९९७ सालीं आणलेल्या चौथ्या पिढीच्या गोल्फमध्यें निळ्या तबकड्या आणि तांबडे कांटे दिले. स्वीडनच्या साब कारखान्याच्या कांहीं मोटारींत तर एक कळ दाबली कीं वेगमापक तेवढा उजळ राही आणि बाकीच्या तबकड्या काळोखांत जात. ही शेवटची युक्ति सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल. कारण समोर मोटारीचे मोठे दिवे जळत असतां डोळा पूर्ण अंधाराला सरावलेला नसतोच, आणि तबकडीचा रंग कोणता यापेक्षां ती किती मंद आहे हेंच अधिक महत्त्वाचें ठरतें.

नेमकी येथेंच दुसरी अडचण उभी राहते. जुन्या मोटारींत उजेड कमीजास्त करणारें बटण एक साधा रोधक असतो. गोळे भरपूर वीज ओढतात म्हणून त्या रोधकाचा त्यांच्यावर परिणाम होतो. एलईडी इतकी थोडी वीज घेतो कीं बटण कितीहि फिरविलें तरी तो प्रखरच राहतो. विकत घेतांना मंद दिवेच निवडणें श्रेयस्कर.

एलईडी सुटा घेतल्यास त्याच्या मार्गांत रोधक हवाच. इंजिन चालूं असतां मोटारींत सुमारें १४ व्होल्ट दाब असतो. निळा एलईडी त्यांतील सुमारें ३ व्होल्ट घेतो. राहिलेले ११ व्होल्ट अडवून प्रवाह २० मिलिअँपिअर ठेवण्यास सुमारें ५५० ओमचा रोधक लागतो. तयार मिळणाऱ्या दिव्यांत तो आंतच असतो. काम बॅटरीची तार सोडूनच करावें. दिवा पेटला नाहीं तर तो जळका समजून टाकूं नये. एलईडींतून वीज एकाच दिशेनें वाहते, म्हणून तो अर्धा फेरा फिरवून पाहावा. थर खरवडण्यासाठीं वेगमापकाचा कांटा उपटणें मात्र टाळावें. पुन्हा बसवितांना तो जरासा सरकला, तरी वेगमापक चुकीचा वेग दाखवूं लागतो.

इशाऱ्याच्या दिव्यांना तर हात लावूंच नये. तेलाचा दाब उतरल्याचा तांबडा दिवा सगळ्याच तांबड्या तबकड्यांत हरवून जातो. त्याहून फसवा आहे तो बॅटरीचा इशारा देणारा दिवा. कित्येक जुन्या मोटारींत अल्टरनेटरला जागें करणारा पहिला प्रवाह याच गोळ्यांतून जातो. तेथें एलईडी घातला कीं तो प्रवाह अपुरा पडतो. इंजिन सुरळीत चालतें, नव्या रंगाच्या तबकड्या झळकत राहतात, आणि बॅटरी मात्र भरत नाहीं. मोठे दिवे लावून कांहीं मैल गेल्यावर ते पिवळे पडूं लागतात, तेव्हां गाडी भर अंधारांत गांवापासून दूर असते. तो एक गोळा जुनाच ठेवावा, अथवा जाणत्या कारागिराकडून एलईडीच्या जोडीला योग्य रोधक समांतर लावून घ्यावा.