उडीचे मोल



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा महागाई भत्ता किंवा संपाचा कायदा असे काही तरी उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी कळवले, 'फळीवरून सूर मारणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या जागतिक स्पर्धा'. ते थोडे हसले. पण त्यांनी विषय छापला, हा त्यांचा मोठेपणा. कामगार संघटनेचा माणूस तलावाच्या काठी काय करतो, असे आपल्यालाही वाटले असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात फार झाले. पण चळवळीत आल्यापासून एक प्रश्न माझ्या पाठीशी लागला आहे. केलेल्या कामाचे मोल कसे ठरवावे? कामगार म्हणतो, माझे काम अवघड आहे. मालक म्हणतो, नग किती निघाले तेवढे सांग. हा झगडा जिथे सर्वांत उघडपणे मिटवलेला मला आढळला, ती जागा म्हणजे ही सूर मारण्याची स्पर्धा. आणि तो मुळीच मिटलेला नाही अशीही एक बाजू तिथेच आहे. त्या दोन्ही बाजू आज आपल्यापुढे मांडायच्या आहेत.

प्रथम हा खेळ कसा असतो ते पाहू. आपल्याकडे विहिरीवर पोरे दोन तऱ्हांनी पाण्यात पडतात. हात पुढे धरून डोके आधी घातले की तो सूर. गुडघे पोटाशी आवळून धपकन पडले की तो मुटका. मुटक्याने पाणी जितके उंच उडेल तितकी शाबासकी जास्त. ऑलिंपिकमध्ये नेमका उलटा न्याय आहे. तिथे पाणी जितके कमी उडेल तितके गुण जास्त. या स्पर्धांचे मुख्य प्रकार दोन. एक दहा मीटर उंचीच्या पक्क्या मनोऱ्यावरून, आणि दुसरा पाण्यापासून तीन मीटर उंच बसवलेल्या लवचिक फळीवरून. मनोरा हलत नाही. फळी जिवंत असते. मी बोलणार आहे ते फळीविषयी.

ही फळी सोळा फूट लांब आणि अर्धा मीटर रुंद असते. मागचे टोक घट्ट बसवलेले, आणि मध्ये एक टेकू. तो टेकू पायाने चाक फिरवून पुढेमागे सरकवता येतो. टेकू मागे घेतला की फळी अधिक लवते. प्रत्येक मुलगी उडीपूर्वी तो आपल्या वजनाला आणि चालीला जुळवून घेते. विणकर काम सुरू करण्याआधी साचा तपासून घेतो, तसेच हे. पूर्वी फळ्या लाकडाच्या असत. विमानाच्या धंद्यातल्या रे रूड नावाच्या एका अमेरिकन इंजिनियराने ॲल्युमिनियमची फळी तयार केली, आणि 1960 च्या रोमच्या ऑलिंपिकपासून तिथे तीच वापरात आली. हत्यार बदलले की कामही बदलते, हे गिरणीत राबलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. फळी जास्त उसळी देऊ लागली, तशा उड्याही अवघड होत गेल्या.

आता उडी पाहा. तीन-चार पावले, फळीच्या टोकावर एक झेप, फळी खाली दबते आणि वर फेकते. पाय फळीवरून सुटला की शरीरात जेवढा फिरण्याचा जोर भरला गेला तेवढाच. हवेत कितीही धडपड केली तरी त्यात भर पडत नाही. अंग आवळले तर त्याच जोरावर गिरक्या लवकर होतात, अंग मोकळे केले तर मंदावतात. एवढेच तिच्या हाती उरते. सुमारे दीड सेकंदात अडीच-तीन कोलांट्या, पाणी कुठे आहे ते डोळ्यांनी टिपणे, अंग सरळ करणे, आणि तळहात सपाट ठेवून पाण्यात शिरणे. त्या क्षणी वेग तासाला तीस किलोमीटरांच्या वर असतो. सपाट तळहातांनी पाण्यात एक भोक पडते आणि सारे शरीर त्या भोकातून आत जाते. उत्तम साधले तर शिंतोडे उडत नाहीत. कापड टरकावल्यासारखा आवाज तेवढा होतो.

या दीड सेकंदाची मजुरी कशी ठरते? ही पद्धत आपल्या वेतन मंडळांनी अभ्यासावी अशी आहे. प्रत्येक उडीला अवघडपणाचा एक आकडा आधीच ठरवून छापलेला असतो. कोलांट्या किती, अंग कसे धरले, गिरक्या किती, फळीवरून सुरुवात कोणत्या दिशेने, पाण्यात शिरणे किती आडमार्गाचे, अशा पाच घटकांची ती बेरीज असते. उदाहरणार्थ, फळीच्या टोकाशी पाण्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि कमरेत वाकून मागच्या बाजूला अडीच कोलांट्या घ्यायच्या, या उडीचा आकडा 3.0. कोणती उडी मारणार हे मुलीने आधी लेखी द्यायचे. दिली एक आणि मारली दुसरी, तर गुण शून्य.

मग सात पंच शून्यापासून दहापर्यंत, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी, कामाची सफाई पाहून गुण देतात. समजा एकीला 7.5, 8, 8, 8, 8.5, 8.5 आणि 9 असे गुण पडले. वरचे दोन खोडायचे, खालचे दोन खोडायचे. एखाद्या पंचाचा लोभ आणि एखाद्याचा आकस, दोन्ही त्यात गेले. मधले तीन उरले, 8, 8 आणि 8.5. बेरीज 24.5. तिला 3.0 ने गुणले की 73.5. म्हणजे काम किती अवघड आणि किती सफाईचे, या दोन्ही गोष्टींचा हिशेब झाला, आणि तो सर्वांसमक्ष झाला. मंडळी, किती कारखान्यांत असा दर भिंतीवर लावलेला असतो? किती मुकादमांचा शेरा असा खोडता येतो?

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून दोघींनी मिळून मारायच्या उड्या सुरू झाल्या. त्यात काही पंचांनी दोघींचा मेळ तेवढाच पाहायचा असतो; एकेकीची उडी कशी झाली, ते इतर पंच पाहतात. त्या सिडनीत फळीवरच्या एकेरी स्पर्धेत चीनच्या फू मिंगशिया आणि गुओ जिंगजिंग पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. पण त्याच दोघी जोडीने उतरल्या होत्या तेव्हा रशियाच्या व्हेरा इलिना आणि युलिया पाखालिना यांनी त्यांना मागे टाकले. दोन सर्वोत्तम माणसे एकत्र आणली म्हणून त्यांची एकी आपोआप सर्वोत्तम होत नाही. ती वेगळी कमवावी लागते. संघटनेत काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

इथवर मी पद्धतीचे कौतुक केले. आता गुणपत्रकात ज्यासाठी रकानाच नाही, तिकडे वळतो.

पहिली गोष्ट, पाण्यापर्यंत पोचण्याची. स्त्रियांना फळीवरची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये मिळाली ती 1920 साली, अँटवर्पला. पुरुषांना ती 1908 पासूनच होती. पहिली विजेती आयलीन रिगिन ही अवघी 14 वर्षांची अमेरिकन मुलगी. तेव्हापासून 1956 पर्यंत हे पदक दर खेपेला अमेरिकेकडेच गेले. पण अमेरिकेतल्या कोणाकडे? 1948 साली लंडनला फळी आणि मनोरा, दोन्ही सुवर्णपदके एकाच स्पर्धेत जिंकणारी पहिली स्त्री म्हणजे व्हिकी ड्रेव्ह्ज. तिचे मूळ नाव व्हिक्टोरिया मनालो. वडील फिलिपिनो, आई इंग्लिश. सॅन फ्रान्सिस्कोत शिकायला गेली तेव्हा वडिलांचे नाव चालणार नाही असे ठरले, आणि आईचे माहेरचे टेलर हे नाव लावूनच तिला सरावाला प्रवेश मिळाला. पाणी तेच, फळी तीच, मुलगीही तीच. बदलावे लागले ते नाव. पाण्याला कोणी शिवायचे आणि कोणी नाही, हा प्रकार या महाराष्ट्रात मी कोणाला समजावून सांगावा असे नाही. तिच्या गुणपत्रकावर अवघडपणाचे आकडे होते. पण दारात नाव टाकून आत येण्याचा अवघडपणा कोणत्या आकड्याने मोजणार?

दुसरी गोष्ट, शरीराची. अमेरिकेची पॅट मकॉर्मिक हिने 1952 मध्ये हेलसिंकीला आणि 1956 मध्ये मेलबर्नला फळी व मनोरा दोन्ही जिंकले. मेलबर्नच्या वर्षीच ती बाळंत झाली होती. तिच्यानंतर आलेली मिकी किंग 1968 साली मेक्सिकोत आघाडीवर होती. दहांपैकी नवव्या उडीत तिचा हात फळीवर आपटला आणि हाड मोडले. मोडलेल्या हातानिशी तिने दहावी उडी मारली आणि चौथी आली. पंचांनी दिलेले गुण बरोबरच होते. त्यांना उडी मोजायची होती, हाड नव्हे. चार वर्षांनी म्युनिकला तिने सुवर्णपदक मिळवले. धैर्याला माझा नमस्कार आहे. पण कारखान्यात मोडक्या हाताने पाळी पुरी करणाऱ्याचे कौतुक करताना आपण आणखीही काही विचारतो. दवाखाना कुठे होता, भरपाई कोण देणार, हे विचारतो. खेळातही ते विचारायला हवे.

तिसरी गोष्ट, बालपणाची. 1988 ते 2024 या काळातल्या दहाही ऑलिंपिकांत फळीवरचे एकेरी सुवर्णपदक चीनच्या मुलींनी नेले. गाओ मिन दोनदा, फू मिंगशिया दोनदा, गुओ जिंगजिंग दोनदा, मग वू मिंशिया, शी टिंगमाओ दोनदा, आणि पॅरिसला चेन यीवेन. ही सलग परंपरा नुसत्या दैवाने येत नाही. लहानपणी निवड, सरकारी क्रीडाशाळा, जमिनीवर कमरेला पट्टे बांधून केलेला सराव आणि दिवसातून अनेक तास तीच ती उडी, असा हा कारखाना आहे. फू मिंगशिया नऊ वर्षांची असताना घर सोडून सरावाला पेकिंगला गेली आणि 1991 साली बाराव्या वर्षी मनोऱ्यावरून जगज्जेती झाली. 2012 साली लंडनला वू मिंशियाने पदक मिळवल्यावर तिच्या वडिलांनी वर्तमानपत्राला जे सांगितले ते वाचून मी बराच वेळ पान उलटले नाही. आजी-आजोबा वारल्याचे आणि आईला कर्करोग झाल्याचे त्यांनी मुलीपासून लपवून ठेवले होते. सराव बिघडू नये म्हणून! त्या आईबापांना मी दोष देत नाही. पण ज्या कामापायी माणसाला घरातले मरणही कळू दिले जात नाही, त्या कामाचा दर अजून कोणी लावलेला नाही.

चौथी गोष्ट, नावलौकिकाची. इटलीच्या तानिया कान्योत्तोचे 2012 साली लंडनला कांस्यपदक हुकले ते 0.20 गुणांनी, म्हणजे एका पंचाच्या अर्ध्या गुणापेक्षाही कमी अंतराने. तिने आणखी चार वर्षे घाम गाळला आणि 2016 साली रिओला ते मिळवले. त्याच रिओत शी टिंगमाओ पहिली आली आणि हे झी दुसरी. पदके वाटून होताच हे झीला तिच्या सहकारी खेळाडूने गुडघा टेकून लग्नाची मागणी घातली. झाले! जगभर गाजली ती अंगठी. पहिली कोण आली ते विचारावे लागले. त्या जोडप्याचे भले होवो. पण स्त्रीच्या कसबाची बातमी पुरी होण्याआधी तिच्या लग्नाची बातमी का धावते, याचा विचार घरी जाताना जरूर करावा.

आता कोणी म्हणेल, जे मोजता येत नाही त्याला काय करणार? याचे उत्तर त्याच खेळाने दिले आहे. फू मिंगशिया बाराव्या वर्षी जगज्जेती झाल्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने वयाची अट घातली, की चौदा वर्षे पुरी होण्याच्या सालाआधी मोठ्या स्पर्धांत उतरता येणार नाही. आपल्या 1948 च्या कारखान्यांच्या कायद्यातही चौदाचाच आकडा होता. एवढ्याने सारे साधले असे नाही. चौदाव्या वर्षी स्पर्धेत उतरायचे तर सराव सातव्या-आठव्या वर्षीच सुरू होतो. पण जे काल कागदावर नव्हते ते आज आले. अवघडपणाचा तक्ता आकाशातून पडलेला नाही, तो माणसांनी बसून, वाद घालून, दुरुस्त्या करून तयार केला आहे. त्यात आणखी रकाने घालणेही माणसांच्याच हाती आहे. दुखापतीचा, शिक्षणाचा, घरी जाण्याच्या हक्काचा, आणि खेळ संपल्यावर पोट भरण्याच्या सोयीचा.

मी आपल्याला एवढेच सुचवतो. पुढच्या ऑलिंपिकमध्ये पडद्यावर एखादी मुलगी फळीच्या टोकाशी पाठमोरी उभी राहील, टाचा अधांतरी, सारे अंग चवड्यांवर. उडी झाल्यावर गुणांचा आकडा येईल. तो जरूर पाहा, कारण तो मोठ्या कष्टाने न्याय्य केलेला आकडा आहे. आणि त्याच्यापुढे आणखी काय लिहायला हवे होते, तेही विचारा. हीच सवय मग आपल्या घरातल्या मोलकरणीच्या पगाराकडे, गल्ली झाडणाऱ्या बाईच्या मजुरीकडे पाहतानाही उपयोगी पडेल.