साथीच्या काळातील बेकारी आणि कामगाराचा अर्ज

(कामगार वस्तीतील सभेत एका वकिलांनी केलेले भाषण)



2020 सालच्या मार्च महिन्याची आठवण आपणांपैकी कोणास नाही? 24 मार्चच्या रात्री टाळेबंदीची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यांची दारे बंद झाली. करोनाची साथ श्रीमंताच्या घरी गेली, तशी गरिबाच्या घरीही गेली. परंतु तिच्या मागोमाग आलेली बेकारी मात्र, ज्याची चूल मजुरीवर पेटते, त्याच्याच घरी मुक्कामास राहिली. मालकांनी पूर्ण पगार द्यावा, असा हुकूम केंद्र सरकारने 29 मार्च रोजी काढला; तो 18 मेपासून मागे घेण्यात आला. 12 जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मालक व कामगार यांनी बोलणी करून ह्या पगाराचा प्रश्न सोडवावा, असे सांगितले. ज्याच्या पाठीशी संघटना नाही, त्याने कोणत्या बळावर बोलणी करावयाची? अशा कामगारास कायद्याने जो बेकारभत्ता देऊ केला होता, त्याविषयी आज मला बोलावयाचे आहे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले. सहा वर्षांची नोकरी एका दिवसात गेली होती. ते म्हणाले, "वकीलसाहेब, मंडळींनी आग्रह केला म्हणून आलो. सरकारपुढे हात पसरावयाची लाज वाटते." मी त्यांची पगारपत्रके पाहिली. दरमहा ई.एस.आय.ची वर्गणी कापलेली होती. मी विचारले, "हे कापलेले पैसे कोणाचे?" ते म्हणाले, "माझे." मी म्हटले, "मग हात पसरण्याचा प्रश्न येतो कोठे?"

ही योजना कोणाच्या दयेतून निर्माण झालेली नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 ह्या काळात मध्यवर्ती सरकारात मजूर खात्याचे सभासद होते. त्याच काळात, 1943 साली, कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्राध्यापक अदारकर यांजकडे सोपविण्यात आले. 1944 साली त्यांचा अहवाल आला आणि त्याच्या पायावर 1948 सालचा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. पुढे आपल्या संविधानाच्या 41 व्या कलमाने बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व ह्या प्रसंगी नागरिकास साहाय्य देण्याचे धोरण राज्यास घालून दिले. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. केवळ त्याच्या आधारे न्यायालयातून पैसे वसूल करता येत नाहीत. म्हणूनच ज्या कायद्यामुळे त्या तत्त्वाचा थोडा तरी अंश आपल्या पदरात पडतो, तो कायदा आपण जाणून घेतला पाहिजे.

2018 सालच्या जुलैपासून ह्या विम्याखाली बेकारभत्त्याची नवी योजना सुरू झाली. तिचे नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. आरंभी सरासरी रोजंदारीच्या चौथ्या हिश्शाइतका भत्ता जास्तीत जास्त 90 दिवस मिळे. ऑगस्ट 2020 मध्ये साथीमुळे नियम सैल करण्यात आले. 24 मार्च 2020 पासून बेकार झालेल्यांस निम्मी रोजंदारी देण्याचे ठरले. 90 दिवस वाट पाहण्याऐवजी 30 दिवसांनी मागणी करता येऊ लागली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अर्ज मालकामार्फत पाठविण्याची अट गेली. ज्याने कामावरून काढले, त्याच्याच दारात अर्जासाठी उभे राहण्याची पाळी टळली. ज्याची रोजंदारी 500 रुपये, त्यास 250 रुपयांप्रमाणे 90 दिवसांचे 22,500 रुपये मिळावयाचे. ही रक्कम थोर नव्हे. परंतु तेवढ्यात तीन महिन्यांचे धान्य येते आणि मुलीचे नाव शाळेत टिकते.

अटी मात्र काटेकोर होत्या. दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी. बेकारीच्या लगतपूर्वीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि त्यापूर्वीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तितकीच हवी. गैरवर्तनामुळे काढलेल्यास किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्यास भत्ता नव्हता. म्हणून सांगतो, मालकाने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करू नका. "स्वखुशीने" हा एक शब्द सारा हक्क बुडवू शकतो.

आमच्या त्या गृहस्थांचा अर्ज अडला तो ह्याच ठिकाणी. शेवटच्या सहामाहीची वर्गणी पगारातून कापली गेली होती, पण विम्याच्या दप्तरी जमाच नव्हती. कापलेली वर्गणी ही कामगाराने मालकाकडे सोपविलेली ठेव मानावी, असे त्या कायद्याचे 40 वे कलम सांगत होते. पगारपत्रके जोडून आम्ही तक्रार केली. वर्गणी भरली गेली, भत्ताही मिळाला; पण तोवर वर्ष उलटले होते आणि त्यांच्या पत्नीच्या कानांतील फुले सावकाराकडे गेली होती. पगारपत्रके जपून ठेविली नसती तर तेवढेही हाती आले नसते.

आणि ज्यांचे नाव कोणत्याच दप्तरी नव्हते, त्यांचे काय? घरकाम करणाऱ्या भगिनी व नाक्यावरचे मजूर ह्या भत्त्याच्या बाहेरच राहिले. हा कायद्याचा अपुरेपणा आहे आणि त्याविरुद्ध आपण संघटितपणे बोलले पाहिजे. परंतु कंत्राटदाराच्या हाताखालील कामगारास "तू आमचा नव्हेस" असे सांगणे ही फसवणूक होती. विमा लागू असलेल्या आस्थापनेत अशा कामगाराच्या वर्गणीची जबाबदारीही त्याच कलमाने मूळ मालकावर टाकिली होती.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. भत्त्याचे दर व मुदती बदलत असतात. तेव्हा आजचा नियम विमा शाखा कार्यालयात विचारून घ्या. मात्र तीन कामे आज घरी जाताच करा. आपला विमा क्रमांक घरातील प्रत्येकास ठाऊक करून द्या. पगारपत्रके एका पिशवीत जपून ठेवा. आणि दर सहामाहीस वर्गणी जमा झाली की नाही, ते तपासा. घरात शिकलेला मुलगा वा मुलगी असेल तर हे काम तिच्याकडे सोपवा. पुढची साथ सांगून येणार नाही. ती येईल त्या दिवशी आपले नाव दप्तरी असले पाहिजे, आणि ते आहे हे दाखविणारा कागद आपल्या हाती असला पाहिजे.

जय भीम.